मंदार बोरामणीत खचलं: एका काल्पनिक महाकाय मालवाहू विमानाचा प्रकरण अभ्यास

११ जूनच्या पहाटे ५ वाजून ५३ मिनिटांनी ‘मंदार’च्या नाकाखालचा उजवा टेकू जमिनीत ४ सेंटिमीटर गेलेला होता. पुढच्या अकरा मिनिटांत तो ३८ सेंटिमीटरपर्यंत खाली गेला. नाकाचा दरवाजा उघडा, रॅम्प पिळवटलेला, रॅम्पच्या बिजागरीवर ४८ टनांचं वाहन अडकलेलं, आणि मागून आणखी दोन मंदार सोलापूरच्या दिशेने येत असलेली. पंचावन्न मिनिटांत रिकामं होऊन परत उडायचं विमान तिथून सुटायला संध्याकाळ झाली.

युद्ध, विमान, ही पहाट आणि बोरामणीची धावपट्टी काल्पनिक आहे. माती, पाऊस, भार आणि भौतिकशास्त्र खरं आहे. महाकाय विमान कथेत घेताना लेखक बहुधा इंजिनं, पंख आणि क्षेपणास्त्रं यांत रमतात. अशा विमानाचं खरं भांडण जमिनीशी असतं, आणि ते विमान थांबल्यावर सुरू होतं. इथे तेच तपासलं आहे.

सोलापूरच का

कथेत पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं आणि विमानतळ बंद पडले आहेत. पठारावर असं ठिकाण हवं होतं, की जिथे रेल्वे, रस्ता, इंधन आणि वीज एकत्र मिळेल. सोलापूर मुंबई–चेन्नई मुख्य लोहमार्गावर आहे, होटगीहून विजयपूरकडे फाटा जातो, पुणे–हैदराबाद महामार्ग शहराला लागून आहे. पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. दक्षिण सोलापुरात ६६० मेगावॅटचे दोन संच असलेलं औष्णिक वीज केंद्र आहे. उजनी धरण आणि हे वीज केंद्र यांच्या बचावासाठीच लेझर-तोफांची वाहनं आणायची होती.

होटगी रस्त्यावरचा विमानतळ या कामाचा नव्हता. त्याची धावपट्टी सुमारे २१०० मीटर. साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडल्यावर आणि जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाल्यावर तिथे टर्बोप्रॉप विमानं उतरू लागली, पण १०४ मीटर पंखविस्ताराच्या विमानाला वळायलाही तिथे जागा नाही. म्हणून कथेतल्या लष्कराने हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला ३६०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद धावपट्टी बांधली. बोरामणीला नव्या विमानतळासाठी जमीन घेतली गेली होती, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

विमान

मंदारचं उड्डाणाचं कमाल वजन ९०० टन, रिकामं वजन ३९० टन, जास्तीत जास्त माल २५० टन. लांबी ८८ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ १२५० चौरस मीटर. प्रत्येकी ३५० किलोन्यूटन जोराची आठ इंजिनं, इंधन बरंचसं उसाच्या अल्कोहोलपासून केलेलं. तुलनेला खरं उदाहरण घ्यायचं तर आन्तोनोव्ह २२५ चं कमाल वजन ६४० टन होतं, पंखविस्तार ८८.४ मीटर, इंजिनं सहा, चाकं ३२. ते २१ डिसेंबर १९८८ रोजी पहिल्यांदा उडालं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या होस्तोमेलला युद्धात नष्ट झालं.

आकार वाढवला की वजन घनाच्या हिशेबाने वाढतं आणि क्षेत्रफळ वर्गाच्या. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर पंख चौपट होतो, वजन आठपट. चाकांचंही तसंच आहे, म्हणून मोठ्या विमानाला मोठी चाकं लावून भागत नाही, चाकांची संख्या वाढवावी लागते. मंदारला मुख्य चाकं ५६ आहेत: प्रत्येक बाजूला सात ॲक्सल, प्रत्येक ॲक्सलवर चार चाकं. नाकाखाली आणखी आठ. पूर्ण वजनाला मुख्य चाकावर १५ टन येतात. आन्तोनोव्ह २२५ मध्ये हाच आकडा २१ टनांच्या पुढे जातो. मंदारच्या टायरमधला दाब ९ बार ठेवला आहे, म्हणजे मुद्दाम कमी. थोडक्यात, चाकांचा विचार करणाऱ्याने काम चोख केलं होतं.

टेकूंकडे मात्र कोणी त्या नजरेने पाहिलं नाही. मंदारला मागचा दरवाजा नाही. मागचा रॅम्प, त्याची बिजागरी, शेपटीचं मजबुतीकरण मिळून वजन फार वाढत होतं. आन्तोनोव्ह २२५ मध्येही याच कारणाने मागचा रॅम्प काढला होता. त्यामुळे सगळा माल नाकातून आत जातो आणि नाकातूनच बाहेर येतो. त्यासाठी विमान नाक खाली करतं: नाकाची चाकं आत ओढून घेतली जातात आणि पुढचा भाग दोन टेकूंवर बसतो. आन्तोनोव्ह १२४ हेच करतं, आणि त्याला हत्तीचं गुडघे टेकणं म्हणतात. मंदारचे टेकू एकमेकांपासून ६ मीटरवर, मुख्य चाकांच्या मध्यापासून ३२ मीटर पुढे. प्रत्येकाची तळपट्टी १.२ मीटर बाय १.२ मीटर. एका टेकूवरचा मंजूर भार ४५ टन.

जमिनीवरचे लोक मंदारला म्हैस म्हणत. चिखलात बसली की उठत नाही म्हणून, असं खुलाशात सांगितलं जाई. हे नाव या प्रकरणाच्या आधीचं आहे.

उतरणं ठीक झालं

या फेरीत माल १८० टन होता: ४८ टनांची तीन लेझर वाहनं आणि ३६ टन बॅटऱ्या, सुटे भाग, टेकूखालच्या पोलादी पट्ट्या. परतीचं इंधन ११० टन. उतरतानाचं वजन ६८० टन. जूनमधल्या हवेत या वजनाला अंतिम टप्प्याचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास येतो. ओल्या पट्टीवर थांबायला दोन हजार मीटरच्या वर लागतात, ३६०० मीटर पुरेसे होते. ब्रेकही फार तापले नाहीत, कारण ऊर्जा ५६ चाकांत वाटली गेली.

मे महिना असता तर प्रश्न उड्डाणाचा होता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर आहे. ४३ अंशांना तिथल्या हवेची घनता घनमीटरला १.०५ किलोग्रॅमपर्यंत उतरते, प्रमाण घनतेपेक्षा १४ टक्के कमी. उडण्यासाठी वेग ८ टक्के जास्त लागतो, इंजिनांचा जोर १५ ते २० टक्के घटतो, आणि दोन्ही मिळून धाव चाळीसेक टक्के लांबते. म्हणून उन्हाळ्यात मंदारच्या जड फेऱ्या पहाटे ठेवतात. पण बोरामणीहून परत जाताना ते रिकामं असतं, तेव्हा हा मुद्दा इथे लागू नाही.

काळं रान आणि पहिला पाऊस

१० जूनच्या संध्याकाळी दोन तासांत ६२ मिलिमीटर पाऊस पडला. मृगाचा पहिला. धावपट्टीच्या कडेची मातीकामं पाहणाऱ्या मुकादमाने त्या रात्री मैदान-अधिकाऱ्याला गाठलं होतं.

“साहेब, हितं पाऊस झाल्यावर आमी बैलगाडी बी घालत न्हाई. वाफसा येऊ द्या.”

“मुकादम, विमान डांबरावर राहणार आहे.”

“डांबर वरचं झालं की ओ साहेब. खाली रानच हाय.”

मुकादमाचं बरोबर होतं, आणि कारण मातीच्या खनिजात आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट भरपूर असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळताना आकसतं. मे अखेरीस जमिनीला पडणाऱ्या भेगा मीटरभर खोल जातात. पहिल्या पावसाचं पाणी वरून हळूहळू मुरत नाही, या भेगांतून थेट तळाला उतरतं. रस्त्याच्या किंवा धावपट्टीच्या मधल्या भागाखालची ओल वर्षभर फारशी बदलत नाही, कारण वर झाकण आहे. कडेचा दीड-दोन मीटरचा पट्टा मात्र प्रत्येक ऋतूत फुगतो आणि बसतो. सोलापूर भागातल्या डांबरी रस्त्यांवर कडेला समांतर जाणाऱ्या लांब भेगा दिसतात, त्या यामुळेच.

यावर उपाय जुने आणि ठाऊक असलेले आहेत. मातीत वजनाच्या चार ते सहा टक्के चुना मिसळून ती दाबायची, किंवा तिच्यावर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा मीटरभर थर द्यायचा. ही दुसरी पद्धत मुंबई आयआयटीत प्राध्यापक कट्टी यांनी विकसित केली. बोरामणीच्या मूळ धावपट्टीखाली ४५ सेंटिमीटर चुना-राख मिश्रित माती होती, राख औष्णिक केंद्रातली. त्यावर ३० सेंटिमीटर ओलं मिश्रण खडी आणि १५ सेंटिमीटर डांबरी थर. एकूण ९० सेंटिमीटर.

विमान उभं राहिलं ते मात्र मूळ बांधकामावर नव्हतं. धावपट्टीच्या टोकाशी ७८ मीटर रुंदीचा वळणचौक आहे आणि तिथून जोडमार्ग काँक्रीटच्या थांब्याकडे जातो. जोडमार्गाच्या तोंडाशी उजवीकडे ४ मीटरचा पट्टा एप्रिलमध्ये वाढवला होता, कारण मंदारची नाकाची चाकं वळताना कडेच्या फार जवळून जात होती. पाऊस यायच्या आत काम उरकायचं म्हणून या पट्ट्याखाली चुन्याचा थर टाकलाच नाही. ४५ सेंटिमीटर साधा मुरूम भरला. नव्या-जुन्याच्या सांध्यात डांबर ओतून सांधा बंद केला नाही. आणि पट्ट्याच्या बाहेर दोन मीटरवर १.२ मीटर खोल मातीचा चर खणला, ज्याचा उतार पुढे नीट काढलेला नव्हता. ११ जूनच्या पहाटे तो चर काठोकाठ भरलेला होता.

पन्नास मिनिटं

५.१२ ला विमान टेकलं. बाहेरची चार इंजिनं धावपट्टीवरच बंद केली गेली, कारण १०४ मीटरचे पंख पट्टीबाहेर जातात आणि ती इंजिनं मुरमाची धूळ आणि खडे ओढतात. ५.२१ ला ते जोडमार्गाच्या तोंडाशी आलं. पुढे काँक्रीटच्या थांब्यावर ओढगाडी बंद पडून आडवी उभी होती. ती हलवायला किती वेळ लागेल याचा अंदाज कोणी देईना. ५.२९ ला ड्रोनथव्याची सूचना आली: अर्ध्या तासात थवा हद्दीत येऊ शकतो. मैदान-अधिकाऱ्याने जागेवरच माल उतरवायचा निर्णय घेतला.

हा निर्णय कागदावर चुकीचा नव्हता. जोडमार्गाचं मजबुतीचं मानांकन मंदारला पुरेसं होतं. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेची एसीआर-पीसीआर पद्धत नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. तीत विमानाच्या चाकांचा परिणाम एका आकड्यात आणि पट्टीची ताकद दुसऱ्या आकड्यात देतात, आणि पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा नसला की काम चालतं. पण हा आकडा चाकांचा आहे. टेकू, जॅक, रॅम्पची टोकं यांबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय तो पट्टीच्या पूर्ण जाडीसाठी असतो, घाईत जोडलेल्या कडेसाठी नाही.

५.३४ ला नाक खाली आलं. उजवा टेकू कडेपासून १.६ मीटरवर, बरोबर नव्या पट्ट्यात. ५.४१ ला पहिलं वाहन निघालं. ते स्वयंचलित आहे. रॅम्पवर साखळीपट्ट्यांचा पुढचा भाग येताच ते थांबलं, कारण उपग्रहाचा संकेत शत्रूने दाबला होता आणि स्वतःची जागा पडताळल्याशिवाय वाहन उतारावर जात नाही. चालक बसवून हाताने उतरवायला हवं होतं. चालक शोधला जात असताना, वेळ वाया जाऊ नये म्हणून, ५.४७ ला दुसरं वाहन पुढे आणून पहिल्याच्या मागे उभं केलं गेलं.

लोडमास्टरच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या प्रमुखाच्या, पुस्तकात नियम स्पष्ट आहे: मालकक्षाच्या पुढच्या तिसऱ्या भागात एका वेळी एकच वाहन. नियम का आहे हे तिथे लिहिलेलं नाही. ते लिहिलेलं असतं तर घाईतही तो पाळला गेला असता, असं आमचं मत.

भार कुठे गेला

आकडे साधे आहेत. टेकायला सुरुवात करताना नाकावर एकूण वजनाचे ६ टक्के, म्हणजे ४१ टन होते. ४८ टनांचं पहिलं वाहन ३० मीटर पुढे आलं. ४८ गुणिले ३०, भागिले ३२: नाकावर ४५ टनांची भर. झाले ८६, एका टेकूवर ४३. मंजूर मर्यादेत, जेमतेम. दुसरं वाहन २२ मीटर पुढे आलं: आणखी ३३ टन. झाले ११९, एका टेकूवर जवळपास ६० टन.

६० टन १.४४ चौरस मीटरवर म्हणजे चौरस मीटरला ४१ टन. टायरखाली हाच आकडा ९० टनांच्या वर असतो. म्हणून पहिल्या नजरेत टेकू चाकापेक्षा सौम्य वाटतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पृष्ठभागावरचा दाब डांबराचा वरचा थर सांभाळतो. खाली किती खोलवर ताण पोहोचतो हे एकूण भार आणि टेकणीची रुंदी ठरवते. भार खाली जाताना दोन मीटर खोलीमागे प्रत्येक बाजूला एक मीटर पसरतो असं धरलं, तर ९० सेंटिमीटरवर टेकूखालचा ताण चौरस मीटरला १३.६ टन येतो. २८ चाकांच्या एका बाजूच्या संचाखाली त्याच खोलीवर तो ७ टनांच्या आसपास असतो, तोही चाकं एकमेकांना धरून, दहा-अकरा मीटर लांबीवर वाटलेला. म्हणजे काळ्या मातीच्या दृष्टीने एक टेकू अख्ख्या चाकसंचाच्या दुप्पट जड होता.

कोरड्या काळ्या मातीने हा भार सहज घेतला असता. ती कोरडी असताना टणक असते, कुदळ उसळते. भिजलेली माती, एका बाजूला पाण्याने भरलेला चर म्हणजे बाजूचा आधार अर्धा गेलेला, आणि भार हलता नसून उभा. डांबर उभ्या भाराखाली वेळेनुसार वाहतं, माती पाणी सोडत सरकते. ५.५३ ला ४ सेंटिमीटर, ५.५८ ला १५, ६.०४ ला ३८. डांबर टेकूखाली फुटलं नाही. टेकूच्या भोवतालचा तुकडाच कापल्यासारखा खाली गेला आणि चराच्या काठाची माती वर आली.

धोक्याची घंटा ५ सेंटिमीटरवर लावलेली होती. ती वाजली तेव्हा सुमारे दहा मिनिटं हातात होती, पण त्या वेळी दोन्ही वाहनं पुढे होती आणि कोणतं आधी हलवायचं यावर बोलणं चालू राहिलं. डावा टेकू जुन्या बांधकामावर होता, तो ३ सेंटिमीटरच खचला. या फरकाने नाकाची चौकट पिळली. दरवाजाच्या कुलूपखिळ्यांना ६ मिलिमीटरची सूट असते, फरक १९ मिलिमीटरचा झाला. दरवाजा बंद होईना, तेव्हा विमान हलवणंही शक्य नव्हतं.

पट्ट्या शेपटीत

मालाच्या यादीत टेकूखाली घालायच्या पोलादी पट्ट्या होत्या. २.४ मीटर बाय २.४ मीटर, २५ मिलिमीटर जाड, चार तुकड्यांत, एका टेकूसाठी ११३० किलो. त्या घातल्या असत्या तर ९० सेंटिमीटरवरचा ताण १३.६ वरून ५.५ टनांवर आला असता. दोन वाहनं पुढे आणूनही टेकू खचला नसता, असं हिशेब सांगतो.

पट्ट्या विमानात होत्या. शेपटीच्या टोकाला, बॅटऱ्यांच्या पेट्यांच्या मागे. नागपूरला भरताना सपाट आणि जड म्हणून त्या आधी आत गेल्या. नाकातूनच भरायचं आणि नाकातूनच काढायचं असलं, की आधी भरलेलं शेवटी निघतं. म्हणजे पट्ट्या काढायच्या तर आधी तिन्ही वाहनं उतरवायला हवी होती, आणि वाहनं उतरवायला पट्ट्या हव्या होत्या. मागचा दरवाजा काढून जे वजन वाचवलं, त्याची ही किंमत. विमानाच्या आराखड्यात ती दिसत नाही, माल भरायच्या क्रमात दिसते.

बाहेर काढणं

६.०६ ला सगळं थांबवलं. ड्रोनथवा दक्षिणेकडे वळला होता, हे नशीब. हवेतल्या दोन विमानांपैकी एक कलबुर्गीला वळवलं, दुसरं नागपूरला परत. कलबुर्गीहून वाहनं स्वतःच्या साखळीपट्ट्यांवर रस्त्याने आली. शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेवरचे महामार्गाचे पूल इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) ७०आर भारवर्गाचे, म्हणजे ७० टनी पट्ट्यांचं वाहन धरून बांधलेले, त्यामुळे ४८ टनांची अडचण नव्हती.

पहिला मोह होता पहिलं वाहन तसंच पुढे उतरवून टाकण्याचा. विमान हलकं होईल, प्रश्न सुटेल. हे केलं नाही ते बरं झालं. रॅम्पचं उजवं टोक वाकडं होतं, आणि वाहन बिजागरीवरून पुढे झुकताना उजव्या टेकूवरचा भार आधी वाढला असता, मग कमी झाला असता. क्रम उलटा लावला गेला.

दुसरं वाहन विंचने २२ मीटर मागे. नाक खाली असल्याने मजल्याला ३ अंशांचा चढ होता. घर्षण धरून ओढ पाच टनांच्या आत, विंच १२ टनांची. ६.४० ला झालं, नाकावरचे ३३ टन कमी. मग पहिलं वाहन चालक बसवून २० मीटर मागे, विजेवर चालणारं असल्याने आत धूर नाही. ७.१५. आणखी ३० टन कमी. मग पंखांतलं २४ टन इंधन शेपटीच्या टाकीत, मिनिटाला ८०० किलोने अर्धा तास. इंधनाचा गुरुत्वमध्य ३० मीटर मागे गेला, नाकावरचे २२ टन उतरले. ११९ वरून आता ३४ टन. यापेक्षा खाली नेलं नाही, कारण नाक २५ टनांच्या खाली आलं की शेपूट बसायचा धोका असतो, आणि म्हैस दोन्हीकडून अडकते.

पुढचं काम शेतीपंपांनी केलं. तीन पंप लावून चर उपसला. त्याशिवाय खाली काहीही भरणं व्यर्थ होतं. खचलेल्या खड्ड्यात थेट मुरूम टाकायचा प्रयत्न झाला, तो रबडीत मिसळून गेला. मग रीतसर केलं: सैल चिखल काढला, ८० ते १०० मिलिमीटरचा दगड सोलिंगसारखा हाताने रचून रोलरऐवजी जेसीबीच्या बकेटने दाबत आत बसवला, चाळीस सेंटिमीटर. त्यावर माती वर येऊ नये म्हणून कापड हवं. भूवस्त्र साठ्यात नव्हतं. सोलापुरातून जाड सुती चादरी आणल्या, दोन पदर अंथरल्या. हसण्यासारखं वाटतं, पण १९२६ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात रस्त्याखाली सुती कापडच घालून पाहिलं होतं. सुती कापड कुजतं, तोवर आपलं काम झालेलं असतं.

होटगीहून रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आले. प्रत्येकी २.७५ मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद, १३ सेंटिमीटर जाड. एका थरात अकरा, त्यावर आडवे अकरा, दोन्ही बाजूंना मिळून ४४. काँक्रीटचे स्लीपर जवळच्या यार्डात ढिगाने होते, पण ते रुळांच्या जागी भार घ्यायला बनवलेले असतात, मधोमध जॅक लावला की तडकतात. लाकूड वाकतं, चरचरतं आणि तुटण्याआधी सांगतं.

या चौथऱ्यांवर ६० टनी जॅक. दोन्ही बाजू एकत्र उचलायच्या, पाच सेंटिमीटर झाले की खाली लाकूड सारायचं, मग पुढचे पाच. एकच बाजू उचलली असती तर पिळलेली चौकट कायमची वाकली असती. २.१० ला नाक पूर्ण उंचीवर, कुलूपखिळे आपोआप रेषेत. दरवाजा लागला. नाकाची आठ चाकं खाली आली, प्रत्येकावर सव्वाचार टन. संध्याकाळी ५.२५ ला दोन ओढगाड्यांनी विमान ४५ मीटर मागे, वळणचौकाच्या मधोमध नेलं. मागे नेताना मागचे चार ॲक्सल वळवून ठेवावे लागले, नाहीतर सात ॲक्सलच्या रांगेतले टायर आडवे घासून डांबर सोलून काढतात. तिथे स्लीपरचेच चौथरे घालून पुन्हा नाक टेकवलं, एका वेळी एक वाहन या शिस्तीने. तिसरं वाहन ७.१० ला जमिनीवर आलं. पट्ट्या त्यानंतर निघाल्या.

काय बदललं

पट्ट्या आता मालकक्षात नसतात. नाकाखाली बाहेरच्या बाजूला दोन कप्पे केले, बाहेरूनच उघडणारे. पट्टी आठ तुकड्यांत, प्रत्येक १४० किलोची, हातगाड्याने नेता येईल अशी. पट्टी जागेवर नसली तर टेकू खाली येत नाही, तसा आडकाठीचा स्विच जोडला. पुढच्या तिसऱ्या भागात दुसरं वाहन आलं की विंचचा प्रवाह तुटतो. पुस्तकातल्या नियमाखाली वरचा भागाकार छापला.

धोक्याची घंटा खोलीवरून वेगावर आणली. मिनिटाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खचणं दोन मिनिटं चाललं, की थांबायचं आणि मागचं वाहन आधी मागे घ्यायचं. या वेगाने मोजलं असतं तर ११ जूनला घंटा ५ सेंटिमीटरच्या आधी वाजली असती.

जमिनीच्या बाजूने एकच चाचणी वाढवली, पण ती कामाची आहे. पाऊस झाल्यावर टेकू पडू शकतील अशा सगळ्या जागी कडेला दर दहा मीटरवर ठोकणीचा शंकू लावायचा: ८ किलोचा हातोडा, ५७५ मिलिमीटरवरून सोडायचा, २० मिलिमीटर व्यासाचा ६० अंशी शंकू. दीड मीटरपर्यंत जायचं, कारण वरचे ९० सेंटिमीटर नेहमीच चांगले दिसतात. त्याखाली एका ठोक्यात ५० मिलिमीटरपेक्षा जास्त गेला, तर तिथे नाक टेकवायचं नाही. एका जागेला पंधरा मिनिटं लागतात, आणि पडलेल्या भोकात डांबर भरायला विसरायचं नाही, नाहीतर तेच पाण्याचं तोंड होतं.

मागचा दरवाजा परत बसवावा का, यावर मतभेद आहेत. बसवला तर प्रत्येक फेरीत १४ टन माल कमी जाईल. आमच्या मते बसवू नये. बाहेरच्या कप्प्यांसह नव्या पट्ट्यांचं वजन तीन टनांच्या आत राहतं, आणि चिखलात दोन दरवाज्यांचं विमानही एकाच टेकूवर उभं असतं. जोडमार्गाचा तो ४ मीटरचा पट्टा उखडून दिवाळीनंतर, जमिनीला वाफसा आल्यावर, पाच टक्के चुना घालून पुन्हा बांधला. तोवर तिथे पिवळे खांब रोवले होते.